कल्पित पात्र आणि त्याचे घराणे

भातुकलीच्या खेळात एखादी मुलगी ‘मी आई’ असे म्हणते, तेव्हा दुसऱ्या कोणास तरी बाळ व्हावे लागते, तिसऱ्यास बाबा व्हावे लागते आणि चौथीस शेजारीण. जिला मूल नाही, घर नाही, शेजार नाही, अशी नुसती आई भातुकलीत असूच शकत नाही. भूमिका म्हटली की तिच्यापाठोपाठ नाती आलीच. लहान मुलास हे कोणी शिकवावे लागत नाही. परंतु हेच मूल चौथी-पाचवीत येऊन गोष्ट लिहू लागते, तेव्हा त्याच्या गोष्टीतील राजपुत्र एकटाच घराबाहेर पडतो, एकटाच राक्षसाला मारतो आणि एकटाच परत येतो. त्याची वाट पाहणारे कोणी नसते, त्याला रागे भरणारे कोणी नसते, त्याच्यावाचून कोणाचे काही अडत नसते. भातुकलीत जे सहज साधले होते ते लेखनात हरपते.

हा हरपलेला धागा पुन्हा मुलांच्या हाती देण्यास उपयोगी पडेल असा खेळाचा एक प्रकार गेल्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत उदयास आला व पुढे जगभर पसरला. त्यास भूमिका-खेळ असे म्हणता येईल. या खेळात प्रत्येक खेळाडू एक कल्पित पात्र निर्माण करतो आणि त्या पात्राच्या वतीने बोलतो, वागतो, निर्णय घेतो. असे पात्र कसे घडवावे, त्याला घराणे का द्यावे, आणि त्यापासून शिक्षकाने काय घ्यावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

खेळाचे स्वरूप

भूमिका-खेळास चार-पाच खेळाडू पुरतात. त्यांपैकी एक जण सूत्रधार होतो. संस्कृत नाटकातील सूत्रधार नाटक सुरू करून देऊन बाजूला होतो. या खेळातील सूत्रधार मात्र शेवटपर्यंत हजर असतो. तो प्रसंगाचे वर्णन करतो. ‘तुम्ही नदीकाठी आला आहात. पूर आला आहे. पलीकडे दिवे दिसत आहेत,’ असे तो म्हणतो, आणि प्रत्येक खेळाडू आपले पात्र काय करील ते सांगतो. कृती सोपी असेल तर ती घडली असे धरतात. यश अनिश्चित असेल तर फासे टाकून निर्णय करतात. पट आणि सोंगट्या असल्या तर उत्तम, नसल्या तरी अडत नाही. खेळ मुख्यतः बोलण्यातच चालतो. त्यात कोणी जिंकत नाही वा हरत नाही. गोष्ट पुढे जाते, एवढेच.

या खेळाचा उगम युद्धाच्या खेळात आहे. मेजावर शिशाचे सैनिक मांडून जुन्या लढाया खेळण्याचा छंद अमेरिकेत व युरोपात पुष्कळांना होता. 1969 साली मिनेसोटा राज्यात डेव्हिड वेस्ली यांनी या छंदात एक नवी गोष्ट केली. नेपोलियनच्या काळातील ब्राउनश्टाइन नावाचे एक काल्पनिक जर्मन गाव त्यांनी योजले आणि खेळाडूंना पलटणी वाटून न देता गावातील माणसे वाटून दिली. कोणी नगराध्यक्ष झाला, कोणी विद्यापीठाचा प्रमुख झाला. सैनिक हलवावयास आलेले खेळाडू आपापसांत बोलू लागले, कट रचू लागले. त्या खेळाडूंपैकी डेव्ह आर्नेसन यांनी ही कल्पना पुढे नेली. ते आणि विस्कॉन्सिनमधील लेक जिनिव्हा या गावचे गॅरी गायगॅक्स या दोघांनी मिळून 1974 साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध केला. एका पेटीत तीन लहान पुस्तिका असे त्याचे रूप होते. जादूगार, बुटके, अजस्र सर्प आणि भुयारांतील खजिना यांची ही सृष्टी. आपल्याकडील अद्भुत कथा वाचणाऱ्या मुलास ती परकी वाटू नये.

गुण आणि फासे

त्या पहिल्या खेळात पात्र घडवण्याची रीत सोपी होती. शक्ती, बुद्धी, शहाणपण, काटकपणा, चपळाई आणि व्यक्तिमत्त्वाची छाप असे सहा गुण ठरवलेले होते. प्रत्येक गुणासाठी तीन फासे टाकावयाचे व त्यांची बेरीज लिहावयाची. त्यामुळे प्रत्येक गुण 3 ते 18 यांच्या दरम्यान येई.

गणिताच्या शिक्षकाने येथे क्षणभर थांबावे. तीन फासे 216 प्रकारे पडू शकतात. त्यांत बेरीज 18 येण्याचा प्रकार एकच आणि बेरीज 3 येण्याचाही एकच. परंतु बेरीज 10 येण्याचे प्रकार 27 आहेत आणि 11 येण्याचेही 27 आहेत. म्हणजे चारांत एक वेळ 10 किंवा 11 हीच संख्या पडते. बहुतेक पात्रे मध्यम निघतात, थोडी उजवी, थोडी डावी. अलौकिक बळाचे पात्र क्वचितच निघते. मुलांनी स्वतः फासे टाकून पडलेल्या बेरजा फळ्यावर मांडल्या, तर मधे उंच आणि दोन्ही कडांना उतरती अशी आकृती त्यांच्या डोळ्यांसमोर तयार होते. हे ज्ञान पुस्तकातील व्याख्येपेक्षा पक्के ठसते.

सहा गुण लिहून झाले, की खेळाडू पात्राचा पेशा ठरवी. मग पुन्हा तीन फासे टाकून बेरजेची दसपट करावयाची. तितकी सुवर्णनाणी पात्राच्या पदरी पडत. त्यांतून तलवार, ढाल, दोर, मशाल अशी खरेदी झाली की पात्र तयार झाले. त्या कागदावर तलवारीची नोंद असे, आईची नोंद नसे.

अनाथ नायक

ही उणीव लवकरच जाणवू लागली. 1977 साली मार्क मिलर यांनी ‘ट्रॅव्हलर’ नावाचा अंतराळातील प्रवासाचा खेळ रचला. त्यात पात्र अठराव्या वर्षी नोकरीस लागते. चार-चार वर्षांचे टप्पे फाशांनी ठरत जातात. प्रत्येक टप्प्यात ते काही शिकते. दुर्दैवाने फासे उलटे पडले तर खेळ सुरू होण्यापूर्वीच, पात्र घडत असतानाच, ते मरतेसुद्धा. पात्राला भूतकाळ असतो ही गोष्ट या खेळाने ठसवली. पुढे 1988 साली ‘सेंट्रल कास्टिंग: हीरोज ऑफ लेजंड’ हे पुस्तक निघाले. त्यात जन्म, कुटुंब आणि बालपण ठरवण्याचीच कोष्टके आहेत. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या 2014 सालच्या पाचव्या आवृत्तीत प्रत्येक पात्राला पूर्वायुष्य, आदर्श, बंध आणि दोष असावेत असा नियम आला. 2017 सालच्या ‘झॅनाथर्स गाइड टू एव्हरीथिंग’ या पुरवणी ग्रंथात आईबाप, जन्मस्थान आणि भावंडे ठरवण्याची कोष्टकेही दिली गेली.

तरीही अनेक खेळाडू एक पळवाट काढीत आले आहेत. ‘तुझ्या पात्राचे आईबाप कोण?’ असे विचारले की ते उत्तर देतात, ‘कोणी नाही. शत्रूने गाव जाळले, त्यात सगळे गेले.’ हे उत्तर इतके सर्रास मिळते की खेळणाऱ्यांमध्ये तो विनोदाचाच विषय होऊन बसला आहे. यामागील कारण समजण्यासारखे आहे. पात्राला बहीण असली तर सूत्रधार तिला संकटात घालील, बाप असला तर तो कर्जात बुडेल, अशी भीती खेळाडूस वाटते. घर नसले म्हणजे अडवणूक नाही. मन मानेल तिकडे जावे, हवे ते करावे.

परंतु ज्याला गमावण्यासारखे काही नाही त्याच्या धैर्याला किंमत किती? दरीवर उडी मारणारा नायक घरी म्हातारी आई ठेवून आला असेल, तर ती उडी वेगळी होते. तो मागे फिरला तर त्या मागे फिरण्यालाही अर्थ येतो. कुटुंब म्हणजे पात्राच्या अंगावर चढवलेला अलंकार नव्हे. पात्र एखादी गोष्ट का करते आणि एखादी गोष्ट कोणत्याही मोबदल्यास का करीत नाही, याची उत्तरे कुटुंबात असतात. अनाथ पात्रही उत्तम होऊ शकते. मात्र त्याचे अनाथपण ही त्याची कथा असावी, खेळाडूची पळवाट असू नये. अनाथालाही कोणी तरी वाढवलेले असते, आणि वाढवणारा कोण हे सांगावेच लागते.

घराण्यावर उभारलेला एक खेळ

कुटुंब हाच ज्याचा पाया आहे असा एक खेळ 1985 साली निघाला. त्याचे नाव ‘पेंड्रागन’. ग्रेग स्टॅफर्ड (1948–2018) यांनी तो रचला. ब्रिटनमधील राजा आर्थर आणि त्याचे सरदार यांच्या दंतकथा हा त्याचा विषय; आणि सर टॉमस मॅलरी यांचा 1485 साली छापला गेलेला आर्थरकथांचा ग्रंथ हा त्याचा मुख्य आधार. या खेळाची रचना समजून घेतली म्हणजे घराणे कसे रचावे याचा उत्तम वस्तुपाठ मिळतो.

पहिली गोष्ट म्हणजे काळ. इतर खेळांत एका साहसाला लागून दुसरे साहस येते. पेंड्रागनमध्ये साधारणपणे एका वर्षात एक साहस घडते आणि मग हिवाळा येतो. हिवाळ्यात सरदार आपल्या गढीवर परततो. तेथे शेतीचे उत्पन्न कसे आले, घोडे जगले की मेले, लग्न ठरले का, मूल जन्मले का, हे सारे फाशांनी ठरते. पस्तिशी उलटली की वार्धक्याचे फासे टाकावे लागतात आणि शक्ती हळूहळू उणी होत जाते. सरदार मेला तर खेळ संपत नाही. खेळाडू त्याच्या मुलाची भूमिका घेतो, आणि बापाने मिळवलेल्या कीर्तीचा दशांश त्या मुलाच्या नावे आरंभीच जमा होतो. 2006 साली प्रसिद्ध झालेली या खेळाची मोठी कथामाला 485 पासून 566 पर्यंतच्या, म्हणजे सुमारे ऐंशी वर्षांच्या, काल्पनिक इतिहासावर पसरलेली आहे. एक खेळाडू तीत आजा, बाप आणि नातू होऊ शकतो.

दुसरी गोष्ट म्हणजे स्वभाव. या खेळात स्वभावाच्या तेरा जोड्या आहेत: दयाळू आणि क्रूर, उदार आणि स्वार्थी, सत्यवादी आणि कपटी, शूर आणि भित्रा, अशा. प्रत्येक जोडीतील दोन अंकांची बेरीज 20 असते. दया 12 असेल तर क्रौर्य 8. दया वाढली की क्रौर्य तितकेच घटते. कोणीही माणूस केवळ दयाळू किंवा केवळ क्रूर नसतो, तो दोन्हींच्या मधे कोठे तरी उभा असतो, ही गोष्ट आठ-दहा वर्षांच्या मुलासही या जोड्यांवरून समजते. शिवाय धन्याशी निष्ठा, कुटुंबावरील प्रेम, अतिथिधर्म आणि स्वाभिमान यांसारख्या भावनांनाही अंक असतात. वीस बाजूंचा फासा टाकावयाचा; अंकाइतके किंवा त्याहून कमी पडले तर ती भावना पात्रावर स्वार झाली असे मानतात.

तिसरी गोष्ट म्हणजे वारसा. या खेळाच्या 2005 सालच्या पाचव्या आवृत्तीत पात्राचा आजा आणि बाप यांचा इतिहास वर्षावर्षाने फाशांनी काढण्याची सोय आहे. आजा कोणत्या लढाईत होता, बाप कोठे पडला, हे खेळ सुरू होण्यापूर्वीच ठरते, आणि त्यातूनच पात्राच्या मनातील द्वेष व निष्ठा यांचे अंक येतात. घराण्यात पिढीजात चालत आलेला एखादा गुणही असतो, जसे घोड्यांची उत्तम पारख, गोड गळा किंवा गोष्टी सांगण्याची हातोटी.

घराणे रचण्याची रीत

वरील खेळांपासून बोध घेऊन घराणे रचण्यासाठी सहा प्रश्न काढता येतात. ते याच क्रमाने विचारावेत.

1. पात्र कोठे जन्मले, आणि त्या घरी पोट कशावर भरत असे?

2. पात्राला कोणी वाढवले? आज त्यांपैकी कोण हयात आहे?

3. भावंडे किती, आणि त्यांपैकी कोणाशी पात्राचे जमत नाही?

4. पात्राच्या जन्मापूर्वी घरात अशी कोणती घटना घडली, की जिची अद्याप आठवण काढली जाते?

5. घराण्यावर कोणाचे उपकार आहेत, किंवा कोणाचे देणे आहे?

6. पात्र घराबाहेर पडले तेव्हा घरच्यांनी काय सांगितले, आणि काय सांगावयाचे राहिले?

पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे फाशांवर सोपवावीत, कारण जन्मस्थान, आईबाप आणि भावंडे कोणी निवडून घेत नाही. पुढील तिन्हींची उत्तरे खेळाडूने विचार करून द्यावीत. प्रत्येक उत्तर दोन-तीन वाक्यांचे असावे. पानेच्या पाने वंशावळ लिहिली तर ती वहीतच राहते; खेळात उपयोगी पडतात त्या चार-पाच नात्यांच्या गाठी. यास्तव घरातील तीन माणसे जिवंत, नावानिशी आणि काही तरी हवे असलेली, एवढे झाले तरी पुरे. ‘प्रेमळ आई’ असे लिहिल्याने काहीच कळत नाही. ‘मुलाने गढी सोडून जाऊ नये असे वाटणारी, पण तसे बोलून न दाखवणारी आई’ असे लिहिले की सूत्रधाराच्या हाती एक माणूस येतो.

एक उदाहरण

पेंड्रागनच्या रीतीने एक पात्र येथे घडवून पाहू. स्थळ इंग्लंडच्या दक्षिणेकडील सॉल्सबरीचा प्रदेश. खेळातील वर्ष 485. पात्राचे नाव ओवेन, वय 21.

या खेळाच्या कालगणनेप्रमाणे 463 साली सॅक्सन लोकांनी तहाच्या मेजवानीस ब्रिटनमधील सरदारांना बोलावले आणि लपवून आणलेल्या सुऱ्यांनी त्यांची कत्तल केली. ही दंतकथा बाराव्या शतकातील जेफ्री ऑफ मनमथ याच्या ग्रंथात सविस्तर आली आहे. ओवेनचा आजा त्या मेजवानीत मारला गेला असे फाशांनी ठरले. ओवेन जन्मला त्याच्या पुढील वर्षी. आजाला त्याने पाहिलेले नाही, तथापि त्याच्या मृत्यूची कथा ऐकतच तो वाढला आहे. सॅक्सन लोकांविषयीच्या द्वेषाचा त्याचा अंक 14 आहे.

ओवेन तेरा वर्षांचा असताना त्याचा बाप एका लढाईत पडला. तेव्हापासून आठ वर्षे धाकट्या काकाने गढीचा कारभार पाहिला. काकाने कारभार चोख केला. आता मात्र तो पुतण्याच्या हाती सोपवताना त्याला जड जात आहे. सतरा वर्षांची एक बहीण आहे. तिच्या लग्नात द्यावयाचा हुंडा अजून जमलेला नाही. आई हयात आहे. लढाईनंतर बापाचे प्रेत शेजारच्या गढीतील एका सरदाराने घरी आणून पोहोचवले, ते उपकार घराण्यावर आहेत. अतिथिधर्माचा ओवेनचा अंक 15, दयेचा 12.

हे टिपण शंभर-सव्वाशे शब्दांचेच आहे. त्यातून काय निघते ते पाहावे. सूत्रधार सांगतो: ‘थंडीची रात्र. गढीच्या दाराशी एक जखमी मुलगा आला आहे. तो आसरा मागत आहे. बोलीवरून तो सॅक्सन दिसतो.’

ओवेन घराणे नसलेला एकटा योद्धा असता, तर खेळाडूने ‘दार उघडतो’ किंवा ‘उघडत नाही’ असे सांगून प्रसंग मिटवला असता. आता तसे होत नाही. आजाची हत्या मेजवानीत झाली. म्हणजे अतिथिधर्म मोडूनच झाली. मग दाराशी आलेल्याला हाकलून देणे हा आजाच्या हत्येचा सूड म्हणावा, की आजाला मारणाऱ्यांनी जे पाप केले तेच पुन्हा करणे म्हणावे? काका मागे उभा राहून नव्या धन्याची परीक्षा पाहत आहे. आई काही बोलत नाही. बहीण पाणी तापवावयास आत गेली आहे. खेळाडू द्वेषासाठी फासा टाकतो, मग अतिथिधर्मासाठी टाकतो. फासे काहीही पडोत, दोन्हींपैकी कोणते ऐकावे याचा विचार त्याला करावा लागतो. काही क्षण तो गप्प राहतो. शिक्षणाच्या दृष्टीने या खेळातील मोलाचा भाग तो हाच.

दुसरा प्रसंग साधा आहे. वर्षअखेरीस थोडे धन शिल्लक राहते. लढाईचा घोडा म्हातारा झाला आहे. घोडा घ्यावा की बहिणीचा हुंडा पुरा करावा? येथे राक्षस नाही, तलवार नाही. तरीही नायकाची कसोटी येथे अधिक लागते, आणि ती बहीण कागदावर नसती तर लागलीच नसती.

जन्म आणि कर्तृत्व

घराणे म्हटले की उच्चनीच भेद आलाच, अशी शंका कोणी घेईल, आणि ती रास्त आहे. पेंड्रागनमधील सरदार कीर्तीचा वारसा घेऊन येतो. त्याच गढीवर राबणाऱ्या कुळाच्या मुलाला तो मिळत नाही. भूमिका-खेळांच्या नियमांतही हा प्रश्न वेळोवेळी उभा राहिला. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या 1978 सालच्या प्रगत आवृत्तीत पात्र कोणत्या वंशात जन्मले यावरून त्याच्या गुणांत वाढ किंवा घट होत असे, आणि स्त्री-पात्राच्या शक्तीला पुरुष-पात्राच्या शक्तीहून कमी मर्यादा घातलेली होती. ही स्त्रियांवरील मर्यादा 1989 सालच्या दुसऱ्या आवृत्तीत राहिली नाही. 2024 सालच्या सुधारित नियमांत गुणांतील वाढ जन्मावरून देणे बंद झाले. पात्राचे पूर्वायुष्य कसे गेले, त्याने कोणते काम केले, यावरून ती दिली जाऊ लागली. माणूस जन्माने काय होतो आणि वाढण्याने काय होतो, याविषयीचे मत एका खेळाच्या नियमांतही असे सुमारे अर्धशतकभर बदलत गेले.

फासा मात्र येथे शिक्षकास मोठे साहाय्य करतो. एका मुलाच्या पात्राला गढी मिळते, दुसऱ्याच्या पात्राला नावाड्याची झोपडी मिळते, आणि दोघांनीही फासा सारख्याच हाताने टाकलेला असतो. गढी मिळाली ती हुशारीमुळे नव्हे आणि झोपडी मिळाली ती अपराधामुळे नव्हे, हे मुलाला प्रत्यक्ष दिसते. पुढे काय करावयाचे ते मात्र त्याच्याच हाती असते. समतेचा पाठ पुष्कळदा उपदेशाने दिला जातो आणि विसरला जातो. हा पाठ हाताने फासा टाकून घेतलेला असल्यामुळे टिकण्याचा संभव अधिक.

वर्गात योजना करताना

हा खेळ जसाच्या तसा वर्गात आणण्याची आवश्यकता नाही. पात्र आणि त्याचे घराणे रचणे एवढाच भाग घेतला तरी चार तासिकांचे उत्तम काम होते. फासे नसल्यास 1 ते 6 अंक लिहिलेल्या चिठ्ठ्या डब्यात घालून काढाव्यात. पहिल्या तासिकेस जन्मस्थान, आईबाप आणि भावंडे चिठ्ठ्यांनी ठरवावीत. दुसऱ्या तासिकेस उरलेले तीन प्रश्न मुलांनी एकमेकांस विचारावेत व उत्तरे तोंडी द्यावीत. तिसरीत उत्तरे लिहून काढावीत. चौथीत प्रत्येक पात्राने घरी एक पत्र लिहावे. ज्या मुलास ‘माझा गाव’ या विषयावर पाच ओळी सुचत नाहीत, त्यालाही असे पत्र लिहिण्यास कारण मिळते. कारण पत्र वाचणारे कोणी तरी आता पलीकडे असते.

काही पथ्ये मात्र कसोशीने पाळावीत. कल्पित घराण्याच्या कागदावर जातीचा रकाना ठेवू नये. मुलाने रचलेले घर त्याच्या खऱ्या घराशी ताडून पाहू नये, आणि ‘हे तुझ्याच घरचे का?’ असे वर्गात कधीही विचारू नये. ज्याचे वडील वारले आहेत असे मूल आपल्या पात्राला वडील देईल, किंवा ज्याच्या घरी तंटा आहे असे मूल पात्राचे घर शांत रंगवील. ते वाचावे, शुद्धलेखन तपासावे, आणि कागद त्याच्या हाती परत द्यावा. एखाद्या मुलास कुटुंबाविषयी लिहिणे नको असेल तर त्यास गुरूचे, मित्राचे किंवा पाळलेल्या जनावराचे नाते लिहू द्यावे. मूल स्वतः होऊन काही सांगू लागले तर ते एकांतात, शांतपणे ऐकून घ्यावे.

पालकांच्या मनात शंका येणेही स्वाभाविक आहे. 1980 नंतरच्या दशकात अमेरिकेत या खेळाविरुद्ध मोठा गदारोळ झाला. मुले कल्पनेत बुडून वाहवत जातात असे आक्षेप घेतले गेले. ते आक्षेप पुराव्याने सिद्ध झाले नाहीत. तरीही कल्पना आणि वास्तव यांमधील उंबरठा स्पष्ट ठेवणे इष्टच. तासिका संपताच पात्राचा कागद मिटवावा आणि मुलास त्याच्या स्वतःच्या नावाने हाक मारावी.

अशा रीतीने रचलेले पात्र अद्भुत सृष्टीतील असेल, त्याच्या कमरेला जादूची तलवारही असेल. परंतु त्याच्या मागे एक घर असेल आणि त्या घरातील माणसांना त्याच्याकडून काही तरी हवे असेल. दुसऱ्याच्या घरात थोडा वेळ राहून, त्या घरची काळजी वाहून, मूल आपल्या जागी परत येते. शेजारी बसलेल्या मुलाच्याही मागे असेच एखादे घर असेल, ही जाणीव त्याला त्यानंतर झाली, तर चार तासिका सार्थकी लागल्या असे समजावे.